मुद्दल कुणाकडे मागायचे?



बाजार कोसळत असताना हातातला शेअरही पडत जातो, तेव्हा छोट्या गुंतवणूकदाराने काय करावे, हा आजचा विषय आहे. या प्रसंगी मिळणारे सल्ले बहुधा दोनच असतात : ‘धीर धरा’ आणि ‘वेळीच बाहेर पडा’. दोन्ही सल्ले कधी ना कधी खरे ठरतात, आणि कोणता केव्हा खरा ठरेल हे आधी कळत नसल्याने ऐन वेळी दोन्ही निरुपयोगी होतात. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात त्यांच्याही आधीचा प्रश्न घ्यायचा आहे, आणि तो भाषेचा आहे. ‘मुद्दल निघाले की सोडून देऊ’, ‘पैसे अडकलेत’, ‘विकले नाही तोवर तोटा नाही’, असे मराठी घरांत शेअरविषयी सर्रास बोलले जाते. हे सगळे बोलणे सावकारीतून आणि ठेवीतून आलेले आहे. शेअरला ते लागू पडत नाही, आणि पडत्या बाजारात छोट्या माणसाचे जे नुकसान होते त्याचा मोठा भाग या बोलण्याने झालेला असतो.

मुद्दल म्हणजे काय? मुद्दल म्हणजे दुसऱ्याला दिलेली आणि त्याच्याकडून परत मागता येणारी रक्कम. ती मागायला समोर कुणीतरी असावा लागतो. देवासकरांना हे समजून घ्यायला लांब जावे लागत नाही, कारण १९७४ पासून या शहरात बँक नोट प्रेस आहे आणि नोटेवर काय छापलेले असते हे इथल्या कित्येक घरांना पोटापाण्याच्या नात्याने ठाऊक आहे. नोटेवर धारकाला तितके रुपये देण्याचे वचन असते आणि त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. बँकेच्या ठेवपावतीमागेही असेच वचन असते, की अमुक तारखेला अमुक रक्कम व्याजासह परत मिळेल. शेअरच्या कागदावर असे वचन नसते. कंपनीने सगळ्यांची देणी चुकती केल्यावर जे काही उरेल त्यातला एक हिस्सा, एवढाच शेअरचा अर्थ आहे. उरले तर हिस्सा, नाही उरले तर काही नाही. मग मुद्दल कुणाकडे मागायचे? कंपनीकडे मागता येत नाही, कारण तिने ते देणे पत्करलेलेच नाही. आणि ज्याने तो शेअर विकला तो पैसे घेऊन आपल्या वाटेने गेलेला असतो.

इथल्या मराठी माणसाची पैशाविषयीची समज कशी घडली, हेही पाहिले पाहिजे. माळव्याला सौदे आणि वायदे नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात असे आणि तिच्या भावावर पेढ्या चढत आणि बुडत असत. परंतु पवारांच्या धार संस्थानात आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीत, म्हणजे शाखांत, येऊन स्थिरावलेली मराठी घरे बहुतांशी त्या पेढ्यांवरची नव्हती. ती दरबारी चाकरीची, शिक्षकीची, वकिलीची, पुढे सरकारी कचेऱ्यांतली, विम्यातली, बँकांतली आणि पिथमपूरच्या कारखान्यांतली. त्यांची बचत पोस्टात, भविष्यनिर्वाह निधीत आणि मुदत ठेवीत वाढली. मुदत ठेवीत थांबणाऱ्याला पूर्ण व्याज मिळते आणि मध्येच मोडणाऱ्याला दंड बसतो, म्हणजे संयमाचा मोबदला तिथे करारानेच ठरलेला असतो. या घरांनी संयमाला सद्गुण मानले ते योग्यच होते. पण तोच सद्गुण जेव्हा शेअरबाजारात येतो तेव्हा त्याच्यामागे करार उरत नाही, आणि ‘थांबलो आहोत, म्हणजे मिळेलच’ ही खात्री निराधार होते. हा दोष लोभाचा नाही, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. पडत्या शेअरला धरून बसलेल्या सेवानिवृत्त शिक्षकाला लोभी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

एका बँकेचे उदाहरण घेतले तर हा फरक पुरता उघड होतो. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदाराला ५० हजार रुपयांपेक्षा अधिक काढता येईना. १८ मार्चला निर्बंध उठले आणि ठेवीदाराचे पैसे त्याला पूर्ण मिळू लागले. त्याच बँकेचे अतिरिक्त भांडवली रोखे, म्हणजे ठेवीपेक्षा जास्त व्याज देणारे पण बँक संकटात आली तर बुडीत धरता येणारे कर्जरोखे, ज्यांनी घेतले होते त्यांचे ८,४१५ कोटी रुपये एका निर्णयाने शून्य करण्यात आले. तो वाद न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय रद्द ठरवल्यावर सर्वोच्च न्यायालयापुढे पोचला. आणि शेअरधारक? शंभरापेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे तीनचतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ४०० रुपयांच्या घरात असलेल्या त्या शेअरची नवी विक्री जुलै २०२० मध्ये १२ रुपयांनी झाली. बँक एकच होती, संकट एकच होते, आणि तिघांचे नशीब तीन प्रकारचे झाले, कारण तिघांना दिलेले वचन तीन प्रकारचे होते. शेअरधारकाला तर वचनच नव्हते.

आता दुसरा मुद्दा, आणि तो देवासचाच आहे. संकटकाळात शेअर दोन कारणांनी पडतो. एक, सगळा बाजार पडतो म्हणून तोही पडतो. दोन, त्या कंपनीतच काही बिघडलेले असते. पहिल्या प्रकारात थांबणे शहाणपणाचे असू शकते, दुसऱ्या प्रकारात थांबणे महागात पडते. पण ही दोन कारणे जेव्हा एकाच आठवड्यात येऊन आदळतात, तेव्हा सामान्य माणसाने ती वेगळी कशी करायची?

१५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कच्या लेहमन ब्रदर्स या वित्तसंस्थेने दिवाळे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रॅनबॅक्सी या औषधकंपनीच्या दोन कारखान्यांबाबत इशाऱ्याची पत्रे जाहीर केली आणि तिथे तयार होणाऱ्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. त्यांतला एक कारखाना हिमाचल प्रदेशातल्या पाओंटा साहिबचा होता आणि दुसरा देवासचा. मुंबईचा सेन्सेक्स, म्हणजे तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक, जानेवारीत २१ हजारांपलीकडे गेला होता आणि २७ ऑक्टोबरला दिवसभरात तो ८ हजारांखालीही उतरला. ज्याच्या हातात रॅनबॅक्सीचा शेअर होता त्याला या महिन्यांत दिसत होते ते एवढेच, की सगळेच पडते आहे आणि आपलाही पडतो आहे.

या कहाणीत एक आकडा आहे, ७३७. जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सान्क्यो या कंपनीने रॅनबॅक्सीच्या मूळ मालकांचा हिस्सा ७३७ रुपये प्रतिशेअर या दराने घेण्याचा करार केला. हा दर तेव्हाच्या बाजारभावापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी चढा होता. कायद्याप्रमाणे इतर भागधारकांकडूनही काही हिस्सा त्याच दराने घेण्याचा खुला देकार दाइचीला द्यावा लागला. खुला देकार म्हणजे कंपनीचा ताबा घेणाऱ्याने सर्वसामान्य भागधारकांपुढे ठेवलेली, ठराविक मुदतीची आणि ठराविक हिस्स्यापुरती खरेदीची तयारी. इथे ती २० टक्क्यांपुरती होती. मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला संपली, आणि वर्ष संपेपर्यंत बाजारातला भाव ७३७ च्या निम्म्याहूनही खाली गेला.

जोवर देकार उघडा होता तोवर ७३७ या आकड्यामागे खरोखरच कुणीतरी उभे होते. मुदत संपली आणि तो आकडा अनाथ झाला. पण माणसाच्या मनातून तो गेला नाही. ज्याने ७३७ मिळतील या आशेने ५५०-६०० ला शेअर घेतले किंवा जुने धरून ठेवले, त्याचे शेअर घेण्याचे कारण संपले होते आणि आकडा तेवढा शिल्लक राहिला होता. पुढची कित्येक वर्षे तो त्या आकड्याच्या परतीची वाट पाहत राहिला. पडत्या शेअरला सामोरे जाण्याची पहिली रीत इथून निघते. शेअर घेताना तो का घेतला हे एका वहीत, तारीख घालून, दोन ओळींत लिहून ठेवावे, आणि शेअर पडू लागला की भावाआधी त्या दोन ओळी वाचाव्यात. कारण शाबूत आहे का, एवढेच पाहायचे. कारण मोडले असेल तर खरेदीभाव कितीही असो, तो शेअर आता एका वेगळ्याच गोष्टीचा हिस्सा झालेला असतो.

दुसरी रीत तुलनेची. शेअर किती पडला हे पाहण्यापेक्षा बाजाराच्या तुलनेत आणि त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत किती पडला, हे पाहावे. सेन्सेक्स नोव्हेंबर २०१० मध्ये, दिवाळीच्या सुमारास, पुन्हा २१ हजारांना पोचला. म्हणजे ‘बाजार परत येईल’ असे म्हणणारे बरोबर ठरले. पण ७३७ च्या आसपासचा भाव दिसायला रॅनबॅक्सी सन फार्मा या दुसऱ्या औषधकंपनीत विलीन होण्याची वेळ यावी लागली, आणि ती आली २०१५ च्या मार्चमध्ये. बाजाराविषयीचा अंदाज खरा ठरला आणि शेअरविषयीचा साडेसहा वर्षे खोटा राहिला. त्या साडेसहा वर्षांत ९ टक्के चक्रवाढीने ठेवलेल्या शंभर रुपयांचे पावणेदोनशेच्या आसपास झाले असते. ‘शेवटी मुद्दल निघाले’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

आणि देवासच्या माणसाला काय दिसत होते? कारखाना तर इथेच होता. त्याचे फाटक, पाळी सुटल्यावरची गर्दी, नात्यातला किंवा शेजारातला कुणी तिथे नोकरीला, हे सगळे ओळखीचे. ओळखीच्या कारखान्याचा शेअर सुरक्षित वाटतो, आणि हे वाटणे अगदी माणसासारखे आहे. पण अमेरिकी तपासनीसांचे आक्षेप फाटकाबाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर नव्हते. ते उत्पादनाची पद्धत आणि तिच्या नोंदी यांविषयीचे होते. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतील उपकंपनीने पाओंटा साहिब आणि देवासच्या औषधांबाबत गुन्हा कबूल केला आणि दंड व तडजोड मिळून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. स्वतः दाइचीला, जिच्यापाशी तज्ज्ञ होते, वकील होते, हिशेबनीस होते, तिलाही खरेदीआधी पूर्ण चित्र मिळाले नव्हते. माहिती दडवल्याबद्दल विकणाऱ्यांनी तिला अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक भरपाई द्यावी, असा निवाडा सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये दिला. जिथे एवढी मोठी कंपनी फसली तिथे देवासच्या गृहस्थाने स्वतःला मूर्ख म्हणवून घेण्याचे काहीच कारण नाही. मात्र फाटक ओळखीचे असणे आणि कंपनी ठाऊक असणे, यांत किती अंतर आहे हे त्याला या एका उदाहरणातून कायमचे कळायला हवे.

तिसरा मुद्दा सरासरीचा. शेअर पडला की आणखी घ्यायचा, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली येतो. याला बाजारात ‘अ‍ॅव्हरेज करणे’ म्हणतात. समजा एखाद्याने १०० शेअर ३५० रुपयांनी घेतले, भाव २०० झाल्यावर आणखी १०० घेतले आणि ६० झाल्यावर आणखी १००. त्याचा सरासरी भाव ३५० वरून २०३ वर आला आणि त्याला बरे वाटले. पण गुंतलेली रक्कम ३५ हजारांवरून ६१ हजारांवर गेली, हे त्याने पाहिले का? पुढे भाव १२ वर आला, तर पहिल्या खरेदीवर थांबलेल्याचा तोटा ३३,८०० रुपयांचा आणि अ‍ॅव्हरेज करणाऱ्याचा ५७,४०० रुपयांचा. सरासरी खाली आणणे म्हणजे जखम लहान दिसावी म्हणून मोजपट्टी लांबवणे आहे. ज्या कंपनीचे कारण शाबूत आहे तिचा शेअर स्वस्तात घेणे ही वेगळी गोष्ट, आणि मुद्दल लवकर निघावे म्हणून घेणे ही वेगळी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांतला फरक ओळखण्याचा प्रश्न असा : हा शेअर आज आपल्याकडे एकही नसता आणि हातात तेवढीच रोकड असती, तर तो आज घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर आणखी घेण्याचे कारण केवळ जुना खरेदीभाव आहे, आणि तो बाजाराला ठाऊकही नसतो.

याच प्रांतातले आणखी एक उदाहरण थोडक्यात. इंदूरची रुची सोया ही सोयाबीन तेलातली मोठी कंपनी २०१७ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०१९ मध्ये पतंजलीने ती घेतली तेव्हा मंजूर झालेल्या योजनेप्रमाणे जुन्या भागधारकाच्या दर १०० शेअरचा एक शेअर झाला. २०२० मध्ये तो शेअर पुन्हा बाजारात आला आणि काही महिन्यांत हजार रुपयांच्या पुढे गेला. तो आकडा पाहून कुणाला जुना खरेदीभाव वसूल झाल्यासारखा वाटला असेल, तर त्याने शंभराचा एक झालेला विसरू नये.

चौथा मुद्दा धार जिल्ह्याकडे नेतो. पिथमपूर हे १९८० च्या दशकात वाढलेले औद्योगिक क्षेत्र, आणि तिथे मोटारी, ट्रक व त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. २००८ च्या अखेरीस देशभर ट्रकांची विक्री घसरली, तेव्हा अशा उद्योगातल्या कामगाराच्या घरी काय होत असेल? जादा कामाचे पैसे थांबतात, कंत्राटी माणसाची पाळी जाते, आणि त्याने वाहनधंद्यातल्याच कंपनीचे शेअर घेतले असतील तर तेही त्याच महिन्यात पडतात. पगार आणि बचत एकाच दोराला बांधलेली असली की दोर तुटताना दोन्ही जातात. पडता शेअर धरून ठेवायचा की विकायचा, हा विचार करण्याची सवड त्यालाच मिळते ज्याला त्या महिन्यात तो विकावा लागत नाही. मुलाची फी, आजाऱ्याचा खर्च, घराचा हप्ता यांच्यासाठी सहा महिन्यांची रोकड बँकेत वेगळी असेल, तर बाजाराची पडझड ही काळजीची गोष्ट राहते. रोकड नसेल तर तीच पडझड संकट होते. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक पडला. त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत ज्यांना विकावे लागले त्यांच्या विकण्याला घाबरटपणा म्हणणे सोपे आहे, पण त्यांतल्या कित्येकांकडे दुसरे पैसेच नव्हते. बाजारातल्या धैर्याची जी शिकवण दिली जाते तिच्यात ही रोकड क्वचितच मोजली जाते, आणि ही उणीव क्षम्य नाही.

तोटा झालेल्या माणसाकडे आणखी एक धोका चालून येतो, आणि तो बहुधा फोनवरून येतो. ‘तुमचा तोटा भरून काढून देतो’ असे सांगणाऱ्या सल्लागारांच्या कचेऱ्या इंदुरात किती होत्या आणि सेबीला, म्हणजे रोखेबाजाराच्या नियामकाला, त्यांपैकी कितीजणांविरुद्ध आदेश काढावे लागले, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. डब्बा ट्रेडिंग, म्हणजे शेअरबाजारात नोंदच न होणारे बाहेरचे सौदे, याही भागाला अपरिचित नाही. आणि कायदेशीर मार्गही इथे फार तारत नाही. सेबीच्याच पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी शंभरातल्या त्र्याण्णवांना तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होती. गेलेले भरून काढण्याची घाई ‘मुद्दल’ याच शब्दातून येते, कारण मुद्दल गेले म्हटले की ते परत आणणे हे कर्तव्य वाटू लागते.

शेवटचा मुद्दा घराचा. चढलेल्या शेअरची गोष्ट जेवताना निघते; पडलेल्या शेअरची घरात कुणाला कळू दिली जात नाही. बायकोला, मुलांना सांगितले जात नाही, कारण सांगितले तर ‘का घेतला’ हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसते. मग कागद लोखंडी ट्रंकेत तळाशी जातो, पत्ता बदललेला कळवला जात नाही, लाभांश पत्त्यावरून परत जातो. या गप्पपणाची किंमत कायद्यात लिहिलेली आहे. सलग सात वर्षे लाभांश कुणी घेतला नाही तर तो लाभांश आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची विक्री करून नाव बदलणेही बंद झाले; ते आधी डिमॅट, म्हणजे संगणकीय खात्यात, आणावे लागतात. देवासच्या एखाद्या घरात माळ्यावर अजून रॅनबॅक्सीचे कागद असतील, तर ते रद्दी नाहीत. विलीनीकरणात रॅनबॅक्सीच्या एका शेअरला सन फार्माचा ०.८ शेअर ठरला होता, म्हणजे शंभराचे ऐंशी. ते निधीकडे गेले असतील तरी आयईपीएफ-५ या नमुन्यातला अर्ज करून मागता येतात. अर्ज करणारी बहुधा पत्नी असते किंवा मुलगी, जिला त्या शेअरविषयी कधी कुणी काही सांगितलेले नसते. तिला फोलिओ क्रमांक शोधावा लागतो, शेअरची संख्या जुळवावी लागते, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडावे लागतात, नावातल्या स्पेलिंगसाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते. तो शेअर कोणत्या भावाने घेतला होता, हे मात्र तिला सिद्ध करावे लागत नाही.